कागद गुंडाळलेली गोळी आणि ५०० मीटरवरचा मेंढा: नळीपासून उलट्या क्रमाने तयारी

काळ्या (जुन्या पद्धतीच्या) बंदुकीच्या दारूच्या रायफलने सिल्हूट, म्हणजे लांबवरचे प्राण्यांच्या आकाराचे पोलादी पत्रे पाडायचा खेळ, खेळणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. "तेलाच्या खाचा असलेली गोळी नीट जाते. तीच रायफल, तीच दारू, पण गोळीला कागद गुंडाळला की पहिल्या तीन गोळ्या एका जागी आणि चौथी कुठे गेली ते स्पॉटरलाही (शेजारी बसून गोळी कुठे लागली ते सांगणाऱ्या साथीदारालाही) कळत नाही." मग कागद बदलला जातो, दारू बदलली जाते, आणि शेवटी कागदी गोळीच निकामी ठरवून गोळी ओतायचा साचा विकायला काढतात.

दहा वेळा असं झालं तर त्यातल्या आठ-नऊ वेळा कागद निर्दोष असतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. लोक आधी साचा विकत घेतात, मग त्यावर बसेल असा कागद शोधतात, आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) कधीच मोजत नाहीत. क्रम उलटा हवा: आधी नळी, मग कागद, मग साचा, शेवटी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) आणि दारू. या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे. उदाहरणाला .४५-७० ची रायफल घेतली आहे, कारण शार्प्स असो, रोलिंग ब्लॉक असो की हाय वॉल, आपल्यातल्या बहुतेकांकडे हेच कॅलिबर आहे.

सावधान: हा लेख अमेरिकेत कायदेशीरपणे हा खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. सुट्टीवर घरी गेल्यावर तिथे हे प्रयोग करायचे नाहीत.

## १. नळी आणि चेंबर मोजा

नळीत आतून मळसूत्री खाचा असतात आणि त्यांच्या मधे उंचवटे, म्हणून तिला दोन व्यास असतात. उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतचा एक आणि खाचेपासून खाचेपर्यंतचा दुसरा. .४५ च्या बऱ्याच नळ्यांत हे .४५० आणि .४५८ इंच असतात, पण "बऱ्याच" या शब्दावर विसंबू नका. नळी साफ करून तेलाचा हलका हात फिरवा. शुद्ध मऊ शिशाचा तुकडा नळीच्या तोंडातून ठोकून आत घाला, गजाने हळूहळू ढकलत दुसऱ्या टोकाला काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. तुकड्यावर जिथे चर पडलेत तो उंचवट्यांचा व्यास, जिथे तो फुगीर आहे तो खाचांचा.

गज ढकलताना हाताकडे लक्ष द्या. मधेच तुकडा सैल पडला किंवा अडला, तर नळीचा व्यास तिथे बदलतोय. कागदी गोळी अशा नळीला माफ करत नाही.

आता चेंबर. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, म्हणून इथे थोडा थांबतो. पुंगळीचं तोंड जिथे संपतं आणि चेंबरची भिंत जिथे अरुंद होते, त्यांच्यामध्ये बहुतेक रायफलींत फट असते. चेंबरची लांबी २.११२ इंच आणि तुमच्या पुंगळ्या २.०९० असतील, तर फट झाली २२ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दारू पेटली की मऊ शिसं बुडाकडून फुगतं आणि क्षणभर त्या फटीत घुसतं. गोळी पुढे निघते, पण कागदाचं एक कडं तिथेच कापलं जाऊन मागे राहतं. पुढचं काडतूस त्या कड्यावर जाऊन बसतं. तिसऱ्या-चौथ्या गोळीला जी भरकट होते, तिचं उगमस्थान बहुतेकदा हेच असतं.

मोजायला चेंबरचा ओतीव ठसा घ्या. त्यासाठी कमी उष्णतेला वितळणारा खास मिश्रधातू मिळतो. मग पुंगळ्या चेंबरच्या लांबीपेक्षा पाचेक थाऊच कमी राहतील अशा कापा. बाजारातल्या पुंगळ्या आखूडच येतात, त्यामुळे .४५-९० च्या लांब पुंगळ्या आणून कापणं हा सरळ उपाय आहे. बुडाचं माप तेच असतं.

तपासणी: गोळी न भरलेली, कापलेली पुंगळी चेंबरमध्ये घाला. ब्रीच (नळीचं मागचं, बंद होणारं तोंड) अडखळत बंद झाली तर पुंगळी लांब आहे. जोर लावू नका, दोन थाऊ अजून कापा.

## २. कागद निवडा, आणि मोजूनच निवडा

शंभर टक्के कापसाचा किंवा कापसाचा भरपूर अंश असलेला पातळ कागद हवा. जुन्या टंकलेखनासाठी कार्बन-प्रतींना वापरायचा तो कुरकुरीत 'अनियन स्किन' उत्तम. जाडी दोन थाऊच्या आसपास. एकच पान मोजू नका, दहा पानं एकत्र चिमटीत धरून मोजा आणि दहाने भागा. एका पानाच्या मापात मायक्रोमीटरचा दाबच जास्त बोलतो.

हिशेब असा. गोळीभोवती कागदाचे दोन वेढे, म्हणजे व्यासात कागद चार वेळा येतो. दोन थाऊचा कागद व्यासात आठ थाऊ भर घालतो. नळीचे उंचवटे .४५० असतील, तर उघडी गोळी .४४२ ची हवी. कागदासकट ती उंचवट्यांवर घसरत जाईल. याला बोर-मापाची गोळी म्हणतात. दुसरा मार्ग खाच-मापाचा: उघडी गोळी .४५०, कागदासकट .४५८. सुरुवात करणाऱ्याने बोर-माप घ्यावं असं माझं मत आहे. ते प्रत्येक गोळीनंतर नळी पुसायला लावतं, आणि ती शिस्त एकदा अंगात आली की अर्धे प्रश्न संपतात.

ओला कागद धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना त्याच दिशेने आवळतो. एकाच पानाच्या उभ्या आणि आडव्या दोन पट्ट्या कापून भिजवा. जी जास्त लांबली, ती दिशा गोळीभोवती जाऊ द्या, म्हणजे वाळल्यावर कागद घट्ट धरेल. आणि सगळे पॅच (गोळीला गुंडाळायचे कागदाचे तुकडे) त्याच दिशेने कापा. निम्मे उभे, निम्मे आडवे कापले तर दोन वेगळ्या मापांच्या गोळ्या तयार होतात, आणि त्या एकाच डब्यात मिसळल्या की निदान करणं अशक्य होतं.

## ३. आता साचा

पहिल्या दोन पायऱ्यांतून जो आकडा आला, त्या मापाचा गुळगुळीत अंगाचा साचा मागवा. १८ इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीला ५०० ते ५४० ग्रेनची (ग्रेन हे गोळी आणि दारूच्या वजनाचं छोटं एकक) गोळी चालते. मेंढा ५०० मीटरवर लागला तरी पडला पाहिजे, आणि हलकी गोळी कडेला लागली तर तो नुसता डुलतो. डुललेल्या मेंढ्याला गुण नाही.

धातू वजनाने १६ भाग शिसं आणि १ भाग कथील. याहून कडक केलात तर गोळी फुगून खाचांत बसणार नाही आणि गरम वायू बाजूने निसटून कागद जाळेल. ओतण्याची रीत तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ओतलेल्या गोळ्या वजन करून एक ग्रेनच्या पट्ट्यात वेगळ्या करा. सुरकुती पडलेली किंवा बुडाची कड गोल झालेली गोळी परत भांड्यात.

सावधान: वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी धातू उसळून अंगावर येतो. पॅच भिजवायचं पाणी आणि ओतण्याची शेगडी एका टेबलावर कधीच नको. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच चहाचा कप उचला.

## ४. पॅच कापणं

पॅच समांतरभुज चौकोनाचा असतो, दोन्ही टोकं तिरकी. तिरकेपणामुळे सांधा गोळीच्या अंगावर मळसूत्रासारखा तिरपा येतो आणि एका रेषेत जाड किंवा पातळ पट्टा पडत नाही.

लांबी काढायला पहिल्या वेढ्याचा आणि दुसऱ्या वेढ्याचा परीघ मिळवा. .४४२ ची गोळी आणि दोन थाऊचा कागद असेल तर ही बेरीज २.८ इंचांच्या आसपास येते. ओला कागद लांबतो, म्हणून कोरडा पॅच किंचित आखूडच कापावा लागतो. किती, ते तुमचा कागद सांगेल. रुंदी म्हणजे गोळीचं सरळ अंग, टोकाकडच्या वळणाची सुरुवात झाकेल इतका थोडा भाग, आणि बुडाखाली दुमडायला तीन-सोळांश इंच.

आधी पाच पॅच कापा. गुंडाळा, वाळवा, सांधा बघा. दोन टोकं एकमेकांना भिडायला हवीत. एकावर एक चढली तर तिथे दोन थाऊचा उंचवटा आला, आणि फट राहिली तर तिथे कागद एकपदरी राहिला. भिंगातून सांधा केसाएवढा दिसतो तो बरोबर. तसा पॅच मिळाला की त्याचा पत्र्याचा साचा करून घ्या आणि पुढचे शंभर त्यावर फिरत्या सुरीने कापा. कात्री वापरू नका, कड खडबडीत होते.

## ५. गुंडाळणं

हे लिहून सांगणं कठीण आहे, पण हाताच्या हालचाली जशा होतात तशा सांगतो.

बशीत कोमट पाणी घ्या. पॅच बुडवून बाहेर काढा आणि कागदी टॉवेलवर क्षणभर ठेवा, टपकणारं पाणी जायला हवं. ओला कागद काचेवर पसरा. गोळी कागदाच्या एका तिरक्या टोकावर अशी ठेवा की तिचं बूड खालच्या कडेपासून तीन-सोळांश इंच आत असेल. अंगठ्याच्या टोकाने कागदाचं कोपरं गोळीवर चढवा आणि दाबा. आता दोन्ही हातांच्या तर्जनी-मध्यमांनी गोळी पुढे लाटा, चकलीचा पीळ लाटताना लावतो तेवढाच दाब. पहिला वेढा सरळ गेला तर दुसरा आपोआप जातो. पहिलाच अर्धा मिलिमीटर तिरका गेला, तर दुसऱ्या वेढ्याला ओढूनताणून जुळवू नका. उलगडा आणि परत करा. ओढलेला कागद वाळताना सांध्याशी उचलतो.

बुडाकडे राहिलेला कागद बोटाने आत दुमडत या, साडीच्या निऱ्या बसवतो तसा. शेपूट पिळून ठेवायची जुनी पद्धत आहे, पण सपाट बुडाच्या गोळीला ती नको. पिळाची गाठ बुडाखाली राहते आणि गोळी वॅडवर (दारू आणि गोळी यांच्यामधल्या चकतीवर) कलती बसते.

कुठल्या दिशेने गुंडाळायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. एक दिशा ठरवा आणि तीच धरून ठेवा.

गोळ्या बुडावर उभ्या ठेवून रात्रभर वाळू द्या. हेअर ड्रायर, उन्हाची खिडकी, हीटर यांपैकी काही नको. घाईने वाळलेला कागद सुरकुततो. सकाळी बोटांना लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) पुसट हात लावून प्रत्येक गोळी दोन बोटांत फिरवा. कागद चमकला पाहिजे, ओला दिसता कामा नये.

तपासणी: वाळलेली गोळी कागदासकट मोजा. मग साफ नळीच्या तोंडात बुडाकडून अंगठ्याने ढकलून बघा. किंचित अडखळत आत गेली तर माप बरोबर. स्वतःच्या वजनाने घसरत गेली तर कागद किंवा गोळी बारीक आहे. अंगठा दुखला तर जाड आहे. या चाचणीत नापास झालेली गोळी भरायला घेऊ नका, तिला पुढे कुठलीच पायरी वाचवू शकत नाही.

## ६. पुंगळी

पुंगळ्या तुमच्याच रायफलमध्ये उडवलेल्या आणि तोंडाशी मऊ केलेल्या असाव्यात. तोंडाची आतली कड हलकी तिरपी करून गुळगुळीत घासा, कारण ती कड कागदाला पहिल्यांदा फाडते. कापूस तोंडातून फिरवून बघा, धागा अडकला तर अजून घासा. तोंड इतकंच उघडं हवं की गोळी बोटांनी बसेल. या गोळीला पुंगळीचं तोंड आवळायचं नसतं.

## ७. दारू, वॅड, गोळी

दारू १ एफजी किंवा दीड एफजी (ही दाण्याच्या जाडीची प्रत). .४५-७० मधला '७०' म्हणजे मूळचे ७० ग्रेन, आणि बहुतेक भरणी त्याच परिसरात येऊन स्थिरावतात. दोन फुटांच्या सरळ नळीतून दारू हळूहळू सोडा, म्हणजे कण घट्ट बसतात. मग वर साठ थाऊचा फायबर वॅड ठेवून दाबणाऱ्या डायने हव्या त्या खोलीपर्यंत दाबा. गोळीने दारू दाबायची नाही, गोळी वाकडी होते. स्विस दारूला दाब कमी लागतो, बाकीच्या काहींना बराच. एका दारूचा आकडा दुसरीला लावू नका.

सावधान: काळी दारू आणि गोळी यांच्यामध्ये हवेची जागा कधीही राहू द्यायची नाही, नळी फुगू किंवा फुटू शकते. वॅड दारूला टेकलेला, गोळी वॅडला टेकलेली. आणि या मापाने धूरविरहित दारू कधीही भरायची नाही.

नळी पुसणार असाल तर एवढं पुरतं. फुंकनळीवर खेळणार असाल (नळी न पुसता दोन गोळ्यांमध्ये नळीतून श्वास फुंकून काजळी मऊ ठेवणार असाल) तर फायबर वॅडवर एक-अष्टमांश इंच जाडीची मेणाची चकती आणि तिच्यावर आणखी एक पातळ वॅड, म्हणजे मेण गोळीच्या बुडाला चिकटून बरोबर उडणार नाही. माझं मेण: वजनाने ५० टक्के मधमाशांचं मेण, ४० टक्के वनस्पती तूप, १० टक्के कॅनोला तेल. जनावराची चरबी घरात नको असणाऱ्यांना हे चालतं. १८५७ साली एन्फिल्डच्या काडतुसात गोळी अशाच कागदात होती आणि सगळा वाद त्या कागदावरच्या चरबीचा होता, हे मेण वितळवताना मला दर वेळी आठवतं.

गोळी पुंगळीत एक-अष्टमांश ते तीन-सोळांश इंचच बसते. बाकीची नळीत. काडतूस हातात धरलं की गोळी डुगडुगते की काय असं वाटतं. ते तसंच असतं. म्हणून डबा असा घ्या की काडतूस टोक वर करून उभं राहील.

सावधान: भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढायची वेळ आली, तर अनेकदा पुंगळी येते आणि गोळी नळीत राहते, दारू ब्रीचमध्ये सांडते. अशा वेळी थांबा, रेंज ऑफिसरला हात करा, दारू पुसून काढा, गजाने गोळी बाहेर ढकला आणि नळीतून आरपार बघा. नळीत गोळी अडकलेली असताना मागून दुसरं काडतूस उडवलं तर रायफल फुटते. गज मोटारीत ठेवू नका, फायरिंग लाइनवर असू द्या.

## ८. सरावाच्या दिवशी: जमिनीवरचा कागद वाचा

पाच गोळ्या मारा. प्रत्येक गोळीनंतर एक ओलसर फडकं ब्रीचकडून तोंडाकडे, मग एक कोरडं, मग चेंबर कोरडं. ओलसर म्हणजे पिळून पाणी न गळणारं. फडकं भिजवायला सात भाग पाण्यात एक भाग पाण्यात-मिसळणारं तेल घाला. चेंबरमध्ये पाण्याचा थेंब राहिला तर पुढच्या गोळीचा कागद तिथेच भिजून सुटतो, आणि मग कागदाला दोष जातो.

न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरसारख्या ठिकाणी, सहा हजार फुटांहून जास्त उंचीवर, हवा इतकी कोरडी असते की काजळी दोन मिनिटांत काचेसारखी कडक होते. घराजवळच्या दमट रेंजवर एका फडक्याने भागत असेल, तर तिथे दोन लागतील हे धरून चाला.

गोळीबार थांबल्याची घोषणा झाली आणि परवानगी मिळाली की पुढे चालत जा. नळीच्या तोंडापुढे पाच-पंधरा मीटरांत तुमचे पॅच पडलेले असतात. गवतावर गुडघे टेकून ते गोळा करा. तीन आकडी रक्कम खर्चून जे कळत नाही ते इथे फुकट कळतं:

- बारीक तुकडे, वरातीत उधळलेल्या कागदांसारखे: सगळं ठीक. उंचवट्यांनी कागद कापला आणि तोंडाशी तो सुटला.
- उभ्या लांब पट्ट्या: खाच-मापाच्या गोळीला हेच हवं.
- पॅच अख्खा किंवा अर्धा अख्खा: कागद कापलाच गेला नाही, गोळी बारीक आहे किंवा कागद चिवट. तो गोळीला चिकटून काही अंतर जात असणार.
- कडेला जळकी भोकं: वायू निसटतोय. वॅड, धातूचा कडकपणा किंवा गोळीचं माप तपासा.
- काहीच सापडत नाही, पण चेंबर पुसताना फडक्याबरोबर कागदाचं कडं येतं: पायरी १ कडे परत जा, पुंगळ्या आखूड आहेत.

माझ्या पहिल्या हंगामात ते कडं मला तिसऱ्या महिन्यात दिसलं. तोपर्यंत मी चार कागद आणि दोन दारू बदलून बसलो होतो. फडक्याच्या घडीत अंगठीएवढी पांढरी वर्तुळं, कडेला तपकिरी झालेली. त्या दिवशी घरी येऊन चेंबरचा ठसा घेतला.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

## ९. स्पर्धेच्या दिवशी

कोंबड्या २०० मीटरवर, उभं राहून, आधाराशिवाय. डुकरं ३००, टर्की ३८५, मेंढे ५००, हे तीन फुलीसारख्या जोडलेल्या काठ्यांच्या आधाराने. तुमची पाळी यातल्या कुठल्याही प्राण्यापासून सुरू होऊ शकते, म्हणून चारही अंतरांची साइटची (नेम धरायच्या साधनाची) मापं वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. डावीकडून उजवीकडे क्रमाने मारायचं. क्रम सोडून लागलेला प्राणी चुकलेला धरतात.

वेळ हा कागदी गोळीचा खरा शत्रू आहे. पुसणं, चेंबर कोरडं करणं, हाताने काडतूस लावणं, स्पॉटरचं ऐकणं, साइट फिरवणं, सगळं मर्यादित वेळात. घरी रिकाम्या पुंगळ्यांवर घड्याळ लावून हा क्रम वीस वेळा करा. फडकी आधीच ओली करून डबीत मोजून ठेवा, पाच ओली, पाच कोरडी, दोन जास्तीची. फडकं राहिलं म्हणून पुसणं गाळू नका. तीन पुसून चौथी न पुसता मारली की चौथी वर जाते, आणि पाचवीला तुम्ही साइट खाली केलेली असते.

५०० मीटरला गोळी पोचायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि पोलादाचा आवाज परत यायला जवळजवळ तितकाच. तोपर्यंत मान उचलू नका. १० मैल वेगाचा आडवा वारा या अंतरावर गोळीला तीन फुटांहून जास्त ढकलतो, म्हणजे मेंढ्याच्या एका टोकावर धरलेली नेमही बाहेर जाते. वाऱ्याचा निर्णय स्पॉटरवर सोडा आणि त्याच्याशी आधीच ठरवा की तो मिनिटांत (कोनाच्या मापात) सांगणार की 'अर्धा प्राणी डावीकडे' अशा भाषेत. दोन्ही मिसळलं की गोंधळ होतो.

## १०. त्याच संध्याकाळी

पुंगळ्या उडवल्या उडवल्या साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाका. घरी आल्यावर प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) काढून पुन्हा धुवा. नळी गरम पाण्याने, मग कोरडी, मग तेल. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे "उद्या करू" चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल पुसून एक पांढरं कोरडं फडकं पुन्हा आरपार काढा. ते तांबूस निघालं तर रात्री धुतलेलं पुरेसं नव्हतं. गरम पाण्यापासून पुन्हा सुरू करा.